सांभाळून ठेवणारा राष्ट्राध्यक्ष

घर आवरायला काढलं की घरात सरळ दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि एक ठेवणाऱ्यांचा. मी दुसऱ्या पक्षातली. मुलाचं पहिलं झबलं, सासऱ्यांचा एका काडीचा चष्मा, जुन्या लग्नपत्रिका हे सगळं आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, आणि दर दिवाळीला त्यावरून थोडी वादावादीही होते. त्यामुळे माझ्यासारखी माणसं जगात कुठे कुठे होऊन गेली याचं मला भारी कुतूहल. त्यांच्यातला सगळ्यात मोठा निघाला तो चक्क अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट.

शाळेच्या इतिहासात दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात याल्टा परिषदेचा एक फोटो असायचा, आठवतो का? चर्चिल, स्टॅलिन आणि दोघांच्या मधोमध खुर्चीत बसलेला, खांद्यावर काळा झगा घेतलेला, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. तो रूझवेल्ट. तो झगा नौदलाचा होता हे मला फार उशिरा कळलं. आणि तो बसलेलाच का, हेही पुस्तकात नव्हतं.

फ्रँकलिनचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हाइड पार्क नावाचं गाव आहे, तिथल्या स्प्रिंगवुड या मोठ्या घरात तो जन्मला. वडील जेम्स वयाने आईच्या दुप्पट, त्यांचं हे दुसरं लग्न. आई सारा डेलानो, तालेवार घराण्यातली. साराच्या वडिलांनी चीनच्या व्यापारात पैसा केला होता, आणि त्या पैशात अफूचाही वाटा होता. सात-आठ वर्षांची सारा १८६२ साली शिडाच्या जहाजातून, आईचं बोट धरून, थेट हाँगकाँगला गेली होती. त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकत फ्रँकलिन मोठा झाला. समुद्राचं वेड आजोळचं.

आणि साठवायचं वेडही तिकडचंच. साराबाईंना (मला त्यांना बाईच म्हणावंसं वाटतं, का ते पुढे कळेल) लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. तो संग्रह त्यांनी भावाला दिला आणि मामाकडून तो भाच्याकडे आला. त्या वेळी फ्रँकलिन जेमतेम आठ-दहा वर्षांचा. तेव्हापासून मरेपर्यंत तिकिटांनी त्याची साथ सोडली नाही. पण आईचा खरा संग्रह वेगळाच होता. लेकाच्या बारशाचा झगा, कापलेले केस, खेळणी, वसतिगृहातून आलेलं प्रत्येक पत्र, सगळं त्यांनी चिठ्ठ्या लावून जपून ठेवलं होतं. एकुलतं एक मूल, मग काय!

वडिलांची शिडाची यॉट होती, 'हाफ मून'. कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर त्यांचं उन्हाळी घर होतं आणि तिथल्या थंडगार पाण्यात फ्रँकलिन बोट चालवायला शिकला. सोळाव्या वर्षी त्याला स्वतःची छोटी बोट मिळाली, 'न्यू मून'. त्याला नौदलात जायचं होतं. वडिलांना ते पटलं नाही. एकुलत्या मुलाने हार्वर्डला जावं, वकील व्हावं. गेला. १९०० साली वडील वारले आणि साराबाई लेकाजवळ राहायला म्हणून हिवाळ्यात बॉस्टनमध्ये घर घेऊन राहू लागल्या.

अशा घरात सून म्हणून आली एलेनॉर. १७ मार्च १९०५ ला लग्न झालं. ती नात्यातलीच, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची पुतणी. आई-वडील दोघंही लहानपणीच गेलेले, त्यामुळे काकांनीच कन्यादान केलं म्हणा ना. आणि नवऱ्याला समुद्राचं वेड, तर हिला पाण्याची धास्ती. एलेनॉर अडीच वर्षांची असताना ती ज्या जहाजावर होती त्याला दुसऱ्या जहाजाने धडक दिली होती. वरच्या डेकवरून तिला खाली नावेत सोडण्यात आलं. ती भीती तिच्या मनातून कितीतरी वर्षं गेली नाही.

सासूबाईंनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोडघर बांधलं. एक स्वतःला, एक मुलाला. आणि मधल्या भिंतीत मजल्यामजल्यावर दारं! कधी कोणत्या दारातून सासूबाई येतील याचा नेम नाही. नव्या घरात आल्यावर थोड्याच दिवसांत एलेनॉर आरशासमोर बसून रडली, आणि आपल्या बायकोला झालं तरी काय हे फ्रँकलिनला कळेना. तो लाडका मुलगा, त्याला दारं खटकली नाहीत. ही हकिकत एलेनॉरने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. सातासमुद्रापार असली, तरी हे घर मला अगदी शेजारच्या गल्लीतलं वाटतं.

१९१३ मध्ये फ्रँकलिन नौदल खात्याचा उपमंत्री झाला. नौदलात जायला मिळालं नव्हतं, तर हे असं मिळालं! सात वर्षं तो तिथे होता. जुन्या लढाऊ जहाजांची चित्रं, नकाशे, कप्तानांची पत्रं, प्रवासाच्या नोंदवह्या, जहाजांच्या प्रतिकृती जमवायचा नाद त्याला आधीपासून होता, तो आता जोरात वाढला. पुढे चित्रांची संख्या हजाराच्या वर गेली आणि प्रतिकृती दोनशेच्या वर.

याच काळात त्याचा हात एका झेंड्याला लागला. तोवर राष्ट्राध्यक्षाचं निशाण लष्कराचं वेगळं आणि नौदलाचं वेगळं असे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना एकच निशाण हवं होतं. ते काम फ्रँकलिन आणि बायरन मॅकँडलेस नावाचा झेंड्यांचा जाणकार नौदल अधिकारी यांच्याकडे आलं. १९१६ मध्ये निशाण ठरलं. निळी जमीन, मध्ये गरुडाचं चिन्ह आणि चार कोपऱ्यांत चार पांढरे तारे. राष्ट्राध्यक्ष बोटीवर पाऊल ठेवतो तेव्हा हेच निशाण डोलकाठीवर चढायचं. तेव्हा चौतीस वर्षांच्या त्या उपमंत्र्याला काय ठाऊक, की एक दिवस हे आपल्याच डोक्यावर फडकणार आहे!

ही निशाणं शिवायच्या बायका. ब्रुकलिनच्या नौदल गोदीत झेंडे शिवायचा स्वतंत्र विभाग होता. राष्ट्राध्यक्षाच्या निशाणावरचा गरुड, त्याची पिसं, पंज्यातले बाण, सगळं तिथल्या बायका भरायच्या. त्यांची नावं कोणी जपली नाहीत, त्यांचे टाके तेवढे उरले.

जपून ठेवणाऱ्या माणसाचं एक मात्र वाईट असतं. नको ते पण जपलं जातं. १९१८ च्या सप्टेंबरात फ्रँकलिन युरोपहून आजारी होऊन परतला. एलेनॉर त्याचं सामान उपसायला बसली आणि बॅगेत तिला पत्रांची गड्डी सापडली. ल्यूसी मर्सरची. ही ल्यूसी कोण, तर एलेनॉरचीच सेक्रेटरी. आता पदरात पाच मुलं. एलेनॉरने घटस्फोटाची तयारी दाखवली. साराबाईंनी मुलाला पैसे बंद करायची तंबी दिली असं सांगतात. संसार मोडला नाही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखाही राहिला नाही. एलेनॉर आपली कामं, आपल्या मैत्रिणी, आपली मतं घेऊन उभी राहायला लागली ती तेव्हापासून.

मग आला १९२१ चा ऑगस्ट. सगळे कँपोबेलोला होते. १० तारखेला फ्रँकलिन मुलांना घेऊन बोटीतून फिरला, वाटेत एका बेटावर वणवा दिसला तो विझवायला मदत केली, मग पोहला, आणि ओल्या कपड्यांनीच टपाल वाचत बसला. रात्री थंडी वाजून आली. दोन दिवसांत दोन्ही पाय गेले. पोलिओ! वय एकोणचाळीस. पहिल्या दिवसांत सगळी शुश्रूषा एलेनॉरने केली. मोठ्या माणसाचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. हे करताना तीन वर्षांपूर्वीची ती गड्डी तिला आठवत नसेल का?

आता घरात खरा तंटा सुरू झाला. साराबाईंचं म्हणणं, मुलाने हाइड पार्कला यावं, राजकारणाचा नाद सोडावा. घर आहे, शेतीवाडी आहे, तिकिटं आहेत, पुस्तकं आहेत, बोटींची चित्रं आहेत. शांतपणे बसावं. आईच्या मायेने बघितलं तर यात चूक काय? पण एलेनॉर आणि फ्रँकलिनचा जिवलग सहकारी लुई हाऊ ठाम राहिले. याला घरात बसवलं तर हा संपेल. मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोच संग्रह, तीच तिकिटं. सासूबाईंच्या योजनेत त्याच वस्तू त्याची कोठडी होणार होत्या. फ्रँकलिनने वस्तूही ठेवल्या आणि कोठडीही नाकारली. अंथरुणावर तिकिटं चिकटवली, हाऊबरोबर लाकडाच्या छोट्या बोटी करून हडसनमध्ये सोडल्या, आणि तासन्‌तास हातांनी कसरत करून खांदे पहिलवानासारखे केले.

स्प्रिंगवुडमध्ये ट्रंका वर-खाली न्यायला एक दोरीचा पाळणा होता. त्यात बसून तो स्वतः दोर ओढून माडीवर जायचा. विजेची लिफ्ट त्याला नको होती, कारण आगीत वीज गेली तर अडकून पडायचं. आगीची त्याला फार भीती. तो दोन वर्षांचा असताना त्याची मावशी स्पिरिटच्या दिव्याने भाजून गेली होती. आणि ज्याला पळता येत नाही त्याची भीती आपण काय मोजणार? चाकाची खुर्चीही त्याने स्वतःच्या अकलेने करून घेतली. स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीचे पाय काढून खाली चाकं. अरुंद दारातून सहज जाते आणि पटकन कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

१९२४ मध्ये एका मित्राच्या भागीत त्याने 'लारूको' नावाची जुनी हाउसबोट घेतली. फ्लोरिडाच्या उबदार पाण्यात पोहायचं, मासे धरायचे, आणि रोजची नोंदवही मात्र जहाजाच्या कप्तानासारखी लिहायची. १९२६ च्या वादळाने त्या बोटीची वाट लावली. नोंदवही राहिली!

पुढचं राजकारण मी भरभर सांगते. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा गव्हर्नर, ४ मार्च १९३३ ला राष्ट्राध्यक्ष, आणि मग एकूण चार वेळा निवडून आला. देशात महामंदी, बँका बुडालेल्या, माणसं बेकार. त्या पहिल्या धामधुमीनंतर जूनमध्ये त्याने काय केलं असेल? मुलांना घेऊन 'अँबरजॅक' नावाच्या शिडाच्या बोटीतून स्वतः सुकाणू धरून कँपोबेलोला गेला. बारा वर्षांनी. जिथून त्याला उचलून नेलं होतं तिथे तो राष्ट्राध्यक्ष म्हणून, हातात सुकाणू घेऊन परत आला. सुकाणू धरायला पाय लागत नाहीत.

सरकारी यॉट आधी 'सेकोया' होती. पण ती लाकडी, म्हणजे पुन्हा आगीची भीती. म्हणून तटरक्षक दलाची १९३४ साली बांधलेली 'इलेक्ट्रा' ही पोलादी बोट घेतली, दुरुस्त केली आणि १९३६ मध्ये ती 'पोटोमॅक' झाली. लांबी १६५ फूट. तिला दोन धुराडी होती, पण धूर एकातूनच यायचा. दुसरं पोकळ, आणि आत दोरीने ओढायची लिफ्ट! हाइड पार्कचीच युक्ती. फ्रँकलिन त्यात बसून, स्वतः दोर ओढून वरच्या डेकवर जायचा. शनिवार-रविवारी कागदपत्रं, तिकिटांचे आल्बम, मासे धरायचा गळ असा सगळा संसार बोटीवर. परदेशांतून आलेल्या टपालावरची तिकिटं परराष्ट्र खातं त्याच्यासाठी काढून पाठवायचं. टपालखात्याच्या दोनशेहून अधिक नव्या तिकिटांना त्याने स्वतः नजरेखालून घालून मान्यता दिली. जून १९३९ मध्ये इंग्लंडचे राजा-राणी आले तेव्हा त्यांना याच बोटीतून वॉशिंग्टनच्या घराकडे, माउंट व्हर्ननला नेलं. एलेनॉर मात्र बोटीवर क्वचितच रमली. तिचे दौरे सगळे जमिनीवरचे, आणि आठवड्यातले सहा दिवस वर्तमानपत्रात सदर. आमच्यासारख्या आठवड्याला एक लिहून दमणाऱ्यांनी हे वाचून गप्प बसावं.

त्या बोटीवरच्या निशाणाची खरी करामत झाली ऑगस्ट १९४१ मध्ये. युरोपात युद्ध पेटलेलं. राष्ट्राध्यक्ष 'पोटोमॅक'वर मासेमारीच्या सुट्टीला जातात असं जाहीर झालं. घरच्यांनाही तेवढंच माहीत. रात्रीत फ्रँकलिन समुद्रातच 'ऑगस्टा' या युद्धनौकेवर चढला आणि चर्चिलना गुपचूप भेटायला न्यूफाउंडलंडकडे गेला. इकडे 'पोटोमॅक' मात्र राष्ट्राध्यक्षाचं निशाण तसंच फडकवत केप कॉडच्या कालव्यातून निघाली. डेकवर राष्ट्राध्यक्षासारखे कपडे केलेला खलाशी बसलेला, किनाऱ्यावरच्या लोकांना हात करतोय! चार ताऱ्यांच्या एका कापडावर सगळ्यांचा विश्वास बसला. त्या भेटीतून अटलांटिक सनद निघाली. प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क, असं तीत होतं. आपल्याकडे आशा वाटली, पण महिन्याभरात चर्चिलनी संसदेत सांगून टाकलं की हे हिंदुस्थानला लागू नाही.

फ्रँकलिन परत आला आणि थोड्याच दिवसांत, ७ सप्टेंबरला, साराबाई गेल्या. नंतर त्यांच्या वस्तू आवरताना एक पेटी निघाली. आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेली. त्याचे लहानपणचे केस, खेळणी, बारशाचा झगा. कोणासमोर कधी न रडणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सुनेला जाच वाटणारी ती मायाच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे आपल्या घरांतूनही आपण बघतोच.

तोवर त्याने साठवण्याचं एक मोठं काम केलं होतं. पूर्वी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रं ही त्याची खाजगी मालमत्ता धरत. तो गेला की घरचे विकायचे, वाटायचे, जाळायचेसुद्धा. हार्डिंग नावाचे राष्ट्राध्यक्ष १९२३ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने कितीतरी कागद जाळले. फ्रँकलिनने १९३८ मध्ये जाहीर केलं की माझे सगळे कागद आणि संग्रह मी देशाला देणार. हाइड पार्कच्या आवारात, देणग्यांच्या पैशातून, दगडी इमारत उभी राहिली आणि ३० जून १९४१ ला ती लोकांसाठी उघडली. विरोधकांनी टर उडवली, हा स्वतःचंच देऊळ बांधतोय म्हणून. त्याला काय फरक? १९३९ मध्ये पत्रकारांनी एका मेजवानीत त्याच्या तोंडवळ्याचा, कागदाच्या लगद्याचा भलामोठा स्फिंक्स करून त्याची थट्टा केली होती, कारण तिसऱ्यांदा उभा राहणार का हे तो सांगेना. पठ्ठ्याने तो स्फिंक्सही मागून घेतला आणि संग्रहालयात ठेवला! पुढे १९५५ मध्ये कायदा झाला आणि नंतरच्या राष्ट्राध्यक्षांची अशी ग्रंथालयं उभी राहिली.

शेवटच्या महिन्यांतही झेंडा त्याच्या डोक्यात होता. डिसेंबर १९४४ मध्ये नौदलात आणि लष्करात पाच ताऱ्यांचा हुद्दा आला. मग सरसेनापतीच्या निशाणावर चारच तारे कसे, असा त्याचा प्रश्न. पुन्हा मॅकँडलेसला विचारणा झाली. पण १२ एप्रिल १९४५ ला फ्रँकलिन गेला. ट्रुमन यांनी त्याच वर्षी नवं निशाण ठरवलं. मध्ये गरुड आणि भोवती अठ्ठेचाळीस ताऱ्यांचं कडं. गरुडाची मान बाणांकडून ऑलिव्हच्या डहाळीकडे वळवली. म्हणून आज कुणाकडे जुनं निशाण आलं की जाणकार आधी तारे बघतात. कोपऱ्यांत चार असतील तर ते १९१६ ते १९४५ मधलं. मग कापड बघायचं, लोकरी आहे का, टाके हाताचे की मशीनचे, वाऱ्यावर फडकणारं टोक झिजलंय का. कोरं करकरीत निशाण असेल तर शंका घ्यायची, कारण बोटीवरचं निशाण झिजणारच. आणि ते ठेवायची रीत आपल्या पैठणीचीच. घडी मोडत राहायची, शक्यतो गुंडाळीवर ठेवायचं, ऊन आणि कसर यांपासून लांब.

तो कोसळला तेव्हा ल्यूसी त्याच्याजवळ होती. एलेनॉरला हे तिथे पोहोचल्यावर कळलं. नंतर हाइड पार्कला वस्तू लावताना तिला फ्रँकलिनचं एक छोटं जलरंगातलं चित्र सापडलं, ल्यूसीच्या मैत्रिणीने काढलेलं. एलेनॉरने ते फाडलं नाही, टाकलंही नाही. ल्यूसीला पाठवून दिलं. मी ठेवणाऱ्यांच्या पक्षातली असूनही सांगते, हे मला जमलं नसतं.

तिकिटं वारसांनी १९४६ मध्ये लिलावात विकली. त्यांची संख्या बारा लाखांच्या घरात होती. त्यातली बरीचशी साधीच, पण त्याच्या हातची म्हणून चांगला भाव आला. स्प्रिंगवुड सरकारकडे गेलं. एलेनॉर तिथे राहिली नाही. जवळच व्हाल-किलला तिचं स्वतःचं छोटं घर होतं, मधल्या भिंतीत दारं नसलेलं. ती तिथे राहिली, १९५२ मध्ये आपल्याकडे भारतातही येऊन गेली आणि १९६२ मध्ये वारली.

आणि 'पोटोमॅक'? ती हातोहाती फिरली. १९६४ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्लीने पंचावन्न हजार डॉलरला घेऊन मुलांच्या एका हॉस्पिटलला देऊन टाकली. १९८० मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोत अंमली पदार्थांच्या तस्करीत पकडली गेली, जप्तीत पडून राहिली आणि पुढच्या वर्षी धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली. ओकलंड बंदराने फक्त पंधरा हजारांत तिला विकत घेतलं आणि मग बारा वर्षं, पन्नास लाख डॉलर खर्चून तिची डागडुजी झाली. १९९५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिच्यावर गेलेल्यांना ते दुसरं धुराडं आवर्जून दाखवतात. त्यातून धूर कधीच निघाला नव्हता.